अंगणात जुनी नाणी सापडली तर : नोटीस कुणाला द्यायची, कागद कोणते लागतात, वाटा किती मिळतो

तहसीलच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल आहे. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला, काम मात्र तेच, लोकांचे अर्ज लिहायचे. मागच्या उन्हाळ्यात एक जण आला, इकडंतिकडं पाहिलं आणि दुपट्ट्याची गाठ सोडली. आत सात काळे पडलेले रुपये, राणी छाप, म्हणजे इंग्रजांच्या काळातले व्हिक्टोरिया राणीचे. घरामागं संडासाचा खड्डा खोदताना गाडगं फुटलं आणि हे निघाले. "भाऊ, हे इकू का ठेवू? अन् सांगतलं तं सरकार सारंच घेऊन जाईन ना?"

दुसरी गिऱ्हाइकं तरणी पोरं. ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवतात, यूट्यूबवर इंग्लंडातल्या शेतात नाणी काढणारे गोरे पाहतात आणि विचारतात, "काका, परमिशनचा फॉर्म कोणता?"

पोरांचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. छंद म्हणून डिटेक्टर फिरवायचा परवाना असा फॉर्म आपल्याकडं नाही. पुरातत्त्व खात्याचं जे लायसन असतं ते शास्त्रीय उत्खननाचं, ते विद्यापीठं आणि संशोधन संस्था घेतात. इंग्लंडातला १९९६ चा कायदा वेगळा, तिथं सापडल्यावर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे तिथल्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवतात. तो इथं चालत नाही.

मग फिरवायचा कुठं? स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या वावरात. दुसऱ्याच्या वावरात जायचं तर सातबारावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. नुसतं "हो, जा" पुरत नाही. नाणं निघालं की तोच माणूस म्हणतो, मी बोललोच नव्हतो. सार्वजनिक बगीचा नगरपरिषदेचा किंवा नगरपंचायतीचा असतो, तिथं मुख्याधिकाऱ्यांना साध्या कागदावर अर्ज करावा लागतो. खरं सांगायचं तर खोदायची परवानगी मिळालेला एकही अर्ज मी लिहिलेला नाही. गावठाणातली मोकळी जागा आणि ई-क्लास, म्हणजे चराईची पडीक, जमीन ही "कुणाचीच नाही" असं लोक समजतात. ती सरकारची असते. राखीव जंगलात खोदणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि जुन्या जागा. इथं पोरांची सगळ्यात जास्त गफलत होते, कारण डिटेक्टर घेतला की पहिला पाय गढीकडंच वळतो. पवनी, मनसर, नगरधन, कौंडिण्यपूर, जुनापाणीची दगडांची वर्तुळं, या जागांची माती म्हणजे विदर्भाचं दप्तर आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढं दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, असं १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं आलं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्य संरक्षित जागांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. निळा फलक दिसला की मशीन बंद करा.

तसंही आपल्या काळ्या मातीत ते मशीन फार हैराण करतं. बेसाल्टपासून झालेली माती, तिच्यातच लोहाचा अंश, त्यामुळं दर दोन पावलांवर टुंईटुंई. खणलं की बैलाच्या पायाचा पत्रा, वखराच्या पासेचा तुकडा, नाहीतर बाटलीचं बूच. वावरातली नाणी बहुतेक नांगराला, विहिरीच्या खोदकामाला, नाहीतर जेसीबीच्या दातालाच लागतात.

आता दुपट्ट्यात रुपये घेऊन आलेल्या भाऊचा प्रश्न, म्हणजे खरी अर्ज प्रक्रिया. कायदा १८७८ चा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. निखात निधी म्हणजे गुप्तधन: जमिनीत किंवा जमिनीला पक्कं जोडलेल्या कशातही लपवलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू. म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंतीतून निघालेला डबाही यात येतो. किमतीची मर्यादा किती? दहा रुपये. दहा रुपयांच्या वर किंमत असली की कळवणं बंधनकारक. तेव्हा दहा रुपयांत बरंच काही येत होतं, आज चहा येतो, पण आकडा तोच. राणी छाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. म्हणजे एकच रुपया निघाला तरी मर्यादा ओलांडली.

कळवायचं कुणी? ज्याला सापडलं त्यानं. इथं मालक आणि शोधणारा हे दोन वेगळे माणसं असू शकतात आणि कायदा शोधणाऱ्याला पुढं ठेवतो. विहीर खोदणाऱ्या मजुराच्या टिकासाला हंडा लागला तर शोधणारा तो मजूर, वावराचा मालक नव्हे. हे मजुरांना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. अर्ज त्याच्या नावानं गेला पाहिजे.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, कलम ४ प्रमाणे, शक्य तितक्या लवकर. पोलीस पाटील आणि तलाठ्याला तोंडी सांगणं चांगलंच, पंचनामा तिथूनच होतो, पण तोंडी सांगितलं म्हणजे नोटीस दिली असं होत नाही. कायदा नोटिशीत तीनच गोष्टी मागतो: काय आणि किती सापडलं किंवा अंदाजे किंमत, कुठं सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. मी लिहितो तो मसुदा साधारण असा असतो:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी. विषय : जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ च्या कलम ४ अन्वये नोटीस. महोदय, मी खाली सही करणार, राहणार मौजे अमुक, तालुका अमुक. दिनांक अमुक रोजी मौजे अमुक येथील ग्रामपंचायत घर क्रमांक अमुक या माझ्या घराच्या मागील मोकळ्या जागेत खड्डा खोदत असताना सुमारे तीन फुटांवर मातीचे गाडगे फुटून चांदीसारखी दिसणारी सात नाणी मिळाली. एकूण वजन अमुक ग्रॅम, अंदाजे किंमत अमुक रुपये. सदर नाणी मी शासकीय कोषागारात जमा करण्यास तयार आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. नोटिशीबरोबर एकतर माल जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, नाहीतर जिल्हाधिकारी मागतील तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यायचा, असे दोन रस्ते आहेत. तालुक्याला उपकोषागार असतं, बहुतेकांना तेच सोयीचं. देताना नग, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो यांची नोंद करून सहीची पावती घ्या. "चांदीसारखी दिसणारी" असं मी मुद्दाम लिहितो. आपण सराफ नाही.

जोडायचे कागद कायद्यात मोजून दिलेले नाहीत, पण पुढं चौकशीत लागतात ते आताच लावले तर चकरा वाचतात. आधार कार्डाची प्रत. वावर असेल तर सातबारा, घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी पट्ट्याची, जागा असेल तर आखीव पत्रिका. जागा दुसऱ्याची असेल तर ते संमतीपत्र. नाण्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले. पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत. अर्ज दोन प्रतींत, आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली तुमची प्रत ट्रंकेत ठेवा. उद्या कुणी म्हणालं की यानं माल दडवला, तर तो शिक्काच बोलतो.

आणि नाणी घासू नका. चिंच नको, राख नको, दात घासायची पावडर तर नकोच. १९३९ मध्ये मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या दीड हजारांवर नाण्यांचा साठा निघाला. जुन्या लेखांचे आणि नाण्यांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो वाचला. त्यातल्या बारक्या अक्षरांतून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावं हाती आली. ती अक्षरं कुणी चिंचेनं चकचकीत केली असती तर राजेच पुसले गेले असते. फुटलेलं गाडगंही जपा, त्याच्या खापरावरून काळ कळतो. आमच्या भाऊनं खापरं उकिरड्यावर टाकली होती. त्याला आधी ती वेचायला परत पाठवलं.

नोटीस गेल्यावर जिल्हाधिकारी चौकशी करून जाहीर सूचना काढतात: अमुक माल अमुक ठिकाणी सापडला, कुणाचा हक्क असेल तर हजर व्हा. ही हजर होण्याची तारीख सूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढं नसते. जागा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्याला वेगळी नोटीस जाते. त्या दिवशी जो आला नाही त्याचा हक्क गेला.

या चार-सहा महिन्यांत भाऊबंद जागे होतात. आजवर ज्या आजोबाचं श्राद्ध कुणी घातलं नाही तो अचानक सगळ्यांचा लाडका होतो, आणि "आमच्या आज्यानंच पुरले होते" सुरू. हा दावा नुसताच हवेत नसतो. सापडल्याच्या तारखेपूर्वी शंभर वर्षांच्या आत दावेदारानं किंवा त्याच्या पूर्वजानं ते पुरलं असं मानायला जागा असेल, तर जिल्हाधिकारी सुनावणी थांबवून दिवाणी दाव्याला मुदत देतात. नाण्यावरचं साल इथं कामी येतं, पण अर्धंच: १८८० चा रुपया १९५० मध्येही पुरता येतो. जुनं वाटणीपत्र, घराचा कर कुणाच्या नावे होता, आजोबांचा मृत्यूचा दाखला, हे कागद दोन्ही बाजूंना लागतात.

तसं काही सिद्ध झालं नाही तर माल बेवारस जाहीर होतो. ही घोषणा मान्य नसेल तर दोन महिन्यांत वरच्या महसूल अधिकाऱ्याकडं अपील. नंतर वाटणी. जागेचा मालक म्हणून दुसरं कुणी पुढं आलं नाही तर सगळं शोधणाऱ्याचं. मालक वेगळा असेल आणि दोघांत आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेला पाव मालकाला. ऐकून बरेच मालक खुर्चीतून उठतात.

"सरकार घेऊन जाईन" यात अर्धं खरं आहे. वाटणीआधी जिल्हाधिकारी तो माल सरकारसाठी घेऊ शकतात, पण फुकट नाही: धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. धातू ५०,००० रुपयांचा ठरला तर ६०,००० मिळतात. मालक वेगळा असेल तर ४५,००० शोधणाऱ्याचे, १५,००० मालकाचे. दुर्मीळ नाण्याला संग्राहक यापेक्षा जास्त देतो आणि हा हिशेब धातूवर अडकतो, ही माझी कायद्याबद्दलची तक्रार आहेच. तरी दडवण्यापेक्षा सौदा बरा: नोटीस न देणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकानं त्यात साथ दिली तर त्याचाही वाटा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गुप्तधन म्हटलं की आपल्याकडं पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस आणि मांत्रिक आलाच. अमावस्येला कोंबडं, लिंबू, मग कुणाचं तरी लेकरू. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार आहेत आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. असा अर्ज मी लिहीत नाही, तक्रार मात्र फुकट लिहून देतो.

विक्रीचं थोडक्यात. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करायला लायसन लागतं आणि देशाबाहेर पाठवणं सामान्य माणसाला बंदच आहे. मूर्ती निघाली तर तिची नोंदणीही वेगळी, पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडं. आणि मोबाइलवर "जुनं नाणं द्या, लाखो घ्या, आधी नोंदणी फी भरा" असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं आहे की तिच्या नावानं जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी किंवा कमिशन मागणारे लोक तिचे नाहीत. भाऊनं तीन हजार आधीच भरले होते. त्याचा सायबरचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी लिहिला.