मेझ शस्त्रक्रिया

एट्रियल फायब्रिलेशनमध्ये हृदयाची वरची दालने, म्हणजे अलिंदे, आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. त्यातून तीन अपाय होतात: ठोके अनियमित पडतात, निलये, म्हणजे खालची दालने, भरताना अलिंदाचा शेवटचा रेटा मिळत नाही आणि साचलेल्या रक्तात गुठळी धरते. या तिन्हींवर एकदम उपाय करणारी मेझ, म्हणजे भुलभुलैया, शस्त्रक्रिया शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी अमेरिकेतील सेंट लुइस येथे २५ सप्टेंबर १९८७ रोजी प्रथम केली.

आधीचे उपाय अर्धे होते. १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठात डावे अलिंद विद्युतप्रवाहापासून तोडून वेगळे केले गेले. ठोके सुधारले, रक्ताभिसरणही सुधारले, पण डाव्या अलिंदातला गुठळीचा धोका टळला नाही. १९८२ पासून कॅथेटरने, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीने, हिज बंडल (अलिंदांकडून निलयांकडे लहर नेणारा तंतूंचा जुडगा) निकामी करता येऊ लागले. त्यानंतर रुग्णाला कायमचा पेसमेकर लागे. १९८५ च्या गिरोदाँ यांच्या कॉरिडॉर पद्धतीत एसए नोडपासून (जिथे ठोक्याची लहर उगम पावते) एव्ही नोडपर्यंतचा (जिथून ती निलयांकडे जाते) पट्टाच राखला जाई. ठोके नियमित होत, बाकी दोन अपाय मात्र कायम.

कॉक्स यांच्या मापनांत दिसले की विद्युतलहरी अलिंदात मोठ्या वर्तुळांत फिरत राहतात. मग वर्तुळाला जागाच ठेवायची नाही. छेद देऊन पुन्हा शिवले की व्रणातून लहर जात नाही. एसए नोडपासून एव्ही नोडपर्यंत एकच वाट उरते. तिला फुटणाऱ्या आंधळ्या गल्ल्यांमुळे बाकीचा स्नायूही चेततो आणि आकुंचन पावतो. चारही फुप्फुस शिरांभोवती छेद जातो, दोन्ही अपेंडेज, म्हणजे अलिंदांना जोडलेल्या लहान पिशव्या, काढल्या जातात. झडपांच्या कड्याशी मात्र सुरी चालत नाही, कारण तिथल्या चरबीत हृदयाची रक्तवाहिनी असते. म्हणून तेथे आणि कोरोनरी सायनसवर (हृदयाच्या स्नायूतले रक्त परत आणणाऱ्या शिरेवर) उणे ६० अंश सेल्सिअसला सुमारे २ ते ३ मिनिटे गोठवतात. ही जागा सुटली तर मिट्रल झडपेभोवती (डावे अलिंद आणि डावे निलय यांमधली झडप) नवे वर्तुळ सुरू होते. शस्त्रक्रिया फसण्याचे हे नेहमीचे कारण.

पहिल्या आवृत्तीत एक छेद एसए नोडजवळून, ऊर्ध्व महाशिरेच्या (शरीराच्या वरच्या भागातले रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या) पुढून जाई. त्यामुळे व्यायाम करताना ठोके पुरेसे वाढत नसत. शिवाय उजवीकडून डावीकडे लहर उशिरा पोचल्याने डाव्या अलिंदाचे आकुंचन कमकुवत पडे. दुसऱ्या आवृत्तीत हे छेद हलवले, पण डाव्या अलिंदापर्यंत पोचायला महाशिराच कापून पुन्हा जोडावी लागे. तिसऱ्या आवृत्तीत (१९९२) दोन अलिंदांमधल्या पडद्याचा छेद महाशिरेच्या मागे नेला आणि दोन्ही अडचणी सुटल्या. पुढची अनेक वर्षे हीच प्रमाण पद्धत राहिली. हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनवर एवढे टाके घालणे फार थोड्या शल्यविशारदांना जमे; म्हणून गुणकारी असूनही ती फारशी पसरली नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत थरथर परतली तरी ते अपयश धरत नाहीत. सुजलेला स्नायू आणि कोवळे व्रण स्थिरावेपर्यंत औषधे चालू ठेवतात. अपेंडेज काढल्याने सोडियम बाहेर टाकणारे अलिंदातील संप्रेरक कमी होते आणि अंगात पाणी साठते. त्यासाठी सुरुवातीपासून मूत्रल औषध द्यावे लागते.