आउटबोर्ड इंजिनातील गिअरकेस तेल व ऑइलसील

आउटबोर्ड इंजिनातील गिअरकेस तेल व ऑइलसील : बोटीच्या मागच्या फळीला शिकंज्याने अडकवायच्या इंजिनाचा सर्वांत खालचा, पाण्यात राहणारा भाग म्हणजे गिअरकेस. इंजिनाकडून येणाऱ्या उभ्या शाफ्टच्या टोकाला पिनियन (लहान दातेरी चाक) असतो; तो आडव्या शाफ्टवरचे बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर फिरवतो आणि त्या शाफ्टवर पंखा बसतो. ही जोडणी तेलात बुडालेली असते आणि तेलाची डबी पाण्यात. तेल व पाणी यांच्यामध्ये फिरत्या शाफ्टवर टेकलेली सीलची कड एवढाच आडोसा असतो. जुन्या इंजिनांचे गिअर आणि गिअरकेस आता सहजी मिळत नाहीत, सील मात्र मिळते. म्हणून या देखभालीचे मोल त्यावर होणाऱ्या खर्चाच्या कितीतरी पट आहे.

आउटबोर्ड इंजिनाचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. गुस्ताव्ह ट्रूव्हे याने 1881 मध्ये पॅरिसमध्ये सीन नदीवर सुकाणूला जोडलेले, काढता येणारे विद्युत इंजिन चालवून दाखवले. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांत अमेरिकेतील 1896 च्या सुमाराच्या एका इंजिनाचा उल्लेख आढळतो. कॅमेरॉन वॉटरमन याला 1907 मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. ओले एव्हिनरूड याचे उत्पादन मिलवॉकी येथे 1909 च्या सुमारास सुरू झाले. लोकप्रिय लेखनात एव्हिनरूडला पहिला मान दिला जातो. तो व्यापारी यशापुरता मान्य करता येतो. कल्पनेच्या दृष्टीने ट्रूव्हेचा दावा जुना आहे. प्रारंभीच्या अनेक इंजिनांत गिअरकेसमध्ये पातळ तेल नसून ग्रीस भरलेले असे आणि घट्ट बसणारी साधी बुश (शाफ्टभोवतीची नळी) हीच पाण्याला अडवण्याची सोय होती. फिरत्या शाफ्टसाठी, कड शाफ्टवर दाबून धरणारी स्प्रिंग असलेले सील साधारणतः 1930 च्या आगेमागे रूढ झाले. वॉल्टर सिमर याच्या नावाने ओळखले जाणारे सील प्रथम चामड्याचे होते. कृत्रिम रबर त्यानंतर आले. त्यामुळे एखाद्या जुन्या इंजिनात चामडे निघाले, तर ते कोणीतरी केलेली तात्पुरती सोय न समजता मूळची रचना असण्याची शक्यता आधी पडताळावी.

सीलची दिशा हा सर्वाधिक वादाचा मुद्दा. सर्वसाधारण नियम असा की, ज्या द्रवाला अडवायचे त्याच्याकडे स्प्रिंगची बाजू ठेवावी. येथे अडवायचे द्रव दोन आहेत. अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या विसाव्या भागाइतकाच असतो. पण धावून तापलेले इंजिन बंद होऊन थंड पाण्यात उभे राहिले की गिअरकेसमधील हवा व तेल आकुंचन पावतात आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे जेथे जागा आहे तेथे दोन सीले पाठीला पाठ लावून बसवतात. एकाच सीलची जागा असेल तर मूळ दिशा कायम ठेवावी. जुने सील उपसण्यापूर्वी ती पाहून लिहून ठेवावी. मूळ दिशा कळत नसेल, तर स्प्रिंग पाण्याकडे ठेवावी हे मत अधिक ग्राह्य वाटते. थोडे तेल झिरपले तर ते दिसते, बेअरिंगवर चढणारा गंज दिसत नाही.

तेलाबाबत उत्पादकाची सूचना प्रमाण मानावी. बहुतेकांना एसएई 90 दर्जाचे गिअर तेल चालते (हा अंक तेलाच्या घट्टपणाचा). ब्रिटिश सीगल या इंग्रजी इंजिनासाठी एसएई 140 सांगितलेले आहे. जीएल-5 प्रतीच्या काही तेलांतील गंधकयुक्त घटक पितळ व ब्राँझच्या बुशांना खातात, म्हणून तशा बुश असलेल्या गिअरकेसमध्ये ते टाळावे. 1960 च्या दशकातील विजेच्या कळीने गिअर बदलणाऱ्या एव्हिनरूड व जॉन्सन इंजिनांना ‘टाइप-सी’ हे खास तेल लागते. नेहमीचे 90 घातल्यास क्लच नीट धरत नाही. सीगलच्या जुन्या नमुन्यांत कड असलेले सीलच नाही. तेथे थोडे पाणी मिसळून तेल दुधाळ होणे अपेक्षित आहे, तो बिघाड नव्हे.

इतर इंजिनांत मात्र तेलाचा रंग हेच निदान. इंजिन रात्रभर उभे ठेवून सकाळी गिअरकेसचा खालचा, तेल सोडण्याचा स्क्रू जेमतेम सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी चार-दोन स्वच्छ थेंब टपकले, तर पाणी शिरले आहे. सारे तेल दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचे उतरले, तर पाणी शिरल्यानंतर इंजिन चाललेही आहे. बोटांत चोळून पाहावे : करडी, पिठासारखी भुकटी चालते, नखाला टोचणारा कण चालत नाही. नवे तेल नेहमी खालच्या छिद्रातून पंपाने चढवावे, म्हणजे हवा अडकत नाही. वरच्या छिद्रातून तेल डोकावले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे. जुन्या एव्हिनरूड-जॉन्सनवर जवळच एक फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या काट्याची खीळ आहे. तेलाचा समजून तो काढला, की आतला काटा सुटतो आणि गिअरकेस उघडावी लागते.

पाणी शिरण्याचे पहिले कारण बहुधा पंख्यामागे गुंडाळलेली तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी). ती सीलची कड कापत आत जाते. त्यानंतर उभ्या शाफ्टचे सील, गिअर बदलणाऱ्या दांडीची ओ-रिंग (रबरी कडी) आणि स्क्रूंचे वॉशर. नुसते तेल बदलून भागत नाही, वाट शोधावी लागते. रिकाम्या गिअरकेसला हातपंपाने हलका दाब द्यावा, चौरस इंचाला 10 पौंडांच्या वर जाऊ नये, आणि ती पाण्याच्या बादलीत बुडवून शाफ्ट हळूहळू फिरवावा. बुडबुडा जेथून येईल तेथे दोष. त्याच जागी पंपाने हवा बाहेर खेचून, म्हणजे ओढ देऊनही पाहावे. दाबाला टिकणारे सील ओढीला फसते. शाफ्टवर सीलने चर पाडला असेल, तर नवे सीलही गळते. शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळी) चढवावी किंवा सील किंचित पुढे-मागे बसवावे.

पुण्यात या देखभालीचे वेळापत्रक परदेशी पुस्तिकांहून वेगळे आहे. थंड देशांत गिअरकेसमधील पाणी गोठून ती तडकते, म्हणून तेथे हिवाळ्यापूर्वी तेल बदलण्यावर भर असतो. पुण्याची थंडी पाणी गोठवत नाही. येथे शत्रू आहे तो पावसाळा. खडकवासला, पानशेत, मुळशीसारख्या जलाशयांवर पावसात बोटी बंद राहतात आणि इंजिन दमट शेडमध्ये तीन-चार महिने उभे असते. तेलात उरलेले पाणी याच काळात बेअरिंगवर गंज धरते. म्हणून दर 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा हा नियम पाळताना ते ‘एकदा’ आगोटीच्या कामांत, मेअखेरीस उरकावे.

सुट्या भागांसाठी नाना पेठेतील वाहनांच्या दुकानांत जुने सील नमुना म्हणून न्यावे, सोबत शाफ्टचे वर्नियरने घेतलेले माप. अमेरिकी व इंग्रजी इंजिनांची मापे इंचांत असतात. बाहेरचा व्यास 1⅛ इंच, म्हणजे 28.575 मिमी. असेल, तर 28 चे सील सैल बसते आणि 30 चे शिरतच नाही. त्याला गोंद लावून किंवा ठोकून बसवू नये, इंचाचेच मागवावे.

काढलेले तेल बंद डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यांकडे द्यावे. ते काठावर ओतणे सर्वथा गैर आहे. खडकवासल्याचे पाणी पुण्याच्या घराघरांत प्यायले जाते.