प्रबोधनकालीन नगरनकाशांच्या हस्तरंजित प्रतिकृती

युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत तयार झालेल्या शहरांच्या नकाशांची आणि विहंगम दृश्यांची हाताने रंगवलेली नक्कल. हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जुन्या नकाशाच्या रेषा छापून घेतात आणि रंग तेवढा कुंचल्याने भरतात. दुसऱ्यात रेषेपासून अक्षरांपर्यंत सगळे कागदावर, चर्मपत्रावर किंवा कॅनव्हासवर हातानेच उतरवतात. दुसरा प्रकार जास्त कष्टाचा असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने पहिलाच मुळाला जवळचा, कारण त्या काळीही काम असेच चाले.

लाकडी ठशावरून किंवा ताम्रपटावरून नकाशा काळ्या शाईत छापला जाई. रंग भरणारे कारागीर वेगळे असत. अँटवर्पचा अब्राहम ऑर्टेलियस १५७० मध्ये नकाशासंग्रह काढून प्रसिद्ध झाला, पण १५४७ मध्ये तेथील चित्रकारांच्या संघात त्याची नोंद नकाशे रंगवणारा म्हणूनच झाली होती. गिऱ्हाईक कोरी प्रत घेई किंवा जास्त पैसे मोजून रंगीत. त्यामुळे एकाच ताम्रपटाच्या दोन जुन्या प्रतींतही रंग जुळत नाहीत आणि ‘मूळ रंग’ असा एकच एक सांगता येत नाही. नक्कल करणाऱ्याला एखादी ठरावीक प्रत समोर ठेवावी लागते.

रंगवण्यापूर्वी कागदाला खळ किंवा तुरटीचे पाणी देतात, म्हणजे रंग फुटत नाही. रंगद्रव्य डिंकाच्या पाण्यात कालवून इतके पातळ ठेवतात की खालची कोरीव रेषा स्वच्छ दिसत राहावी. कौलांना लाल, पाण्याला निळा, शेतांना हिरवा हा साधारण संकेत. जुना हिरवा बहुधा जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा असे. तो काळानुसार कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी होऊन उमटतो. जुना रंग ओळखण्याची ही एक खूण मानली जाते. शेंदूरही पुष्कळदा काळवंडतो. आज नक्कल करताना म्हणूनच ठरवावे लागते की नकाशा छापखान्यातून बाहेर पडला तेव्हा कसा होता ते दाखवायचे, की चारशे वर्षांनी आज दिसतो तसा. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रतिकृती दुसरी वाट धरतात आणि कागद मुद्दाम पिवळा करतात. प्रस्तुत लेखकाला पहिली वाट अधिक प्रामाणिक वाटते. सोळाव्या शतकातल्या गिऱ्हाइकाने हे नकाशे ताजे, झळझळीतच पाहिले होते.

याकोपो दे बार्बारी याचे व्हेनिसचे दृश्य (१५००) सहा लाकडी ठशांवरून छापलेले असून जोडल्यावर जवळपास पावणेतीन मीटर रुंद होते. न्यूरेंबर्गचा व्यापारी अँटोन कोल्ब याने ते प्रसिद्ध केले. ठसे व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात आजही आहेत, त्यामुळे रेषेबद्दल शंका उरत नाही. प्रश्न आवृत्तीचा असतो. विजेने नुकसान झालेल्या सान मार्कोच्या घंटाघरावर पहिल्या छपाईत तात्पुरते सपाट छप्पर आहे, तर पुढे ठसा बदलून त्यावर नवा उंच कळस दाखवला गेला. कळसाचे घंटाघर रंगवून खाली १५०० हे साल ठेवणारी प्रतिकृती दोन काळ एकत्र करते.

नकलेचे मोल सर्वांत जास्त कळते ते फ्लॉरेन्सच्या बाबतीत. फ्रांचेस्को रोसेल्ली याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराचे मोठे दृश्य ताम्रपटावर कोरले. सहा भागांपैकी एकच कागद टिकला. पूर्ण चित्र आपल्याला माहीत आहे ते त्यावरून लुकांतोनियो देल्यी उबेर्ती याने सुमारे १५१० मध्ये केलेल्या काष्ठठशामुळे. त्याची प्रत बर्लिनमध्ये आहे. भोवती कुलूप लावलेल्या साखळीची चौकट असल्याने याला ‘साखळीचा नकाशा’ म्हणतात. मध्यभागी वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधलेला मुख्य चर्चचा घुमट, सभोवती तटबंदी, आर्नो नदी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात टेकडीवर बसून शहर रेखाटणारा माणूस. १८८७ मध्ये पेत्रिनी यांनी या काष्ठठशावरून रंगीत नक्कल केली आणि फ्लॉरेन्सच्या इतिहासाच्या संग्रहालयात ती प्रदर्शित झाली. आज पुस्तकांत आणि भिंतींवर दिसणारे ‘पंधराव्या शतकातले फ्लॉरेन्स’ बरेचदा हेच असते. म्हणजे कौलांचा तो लाल आणि टेकड्यांचा तो हिरवा एकोणिसाव्या शतकाचा अंदाज आहे. तरीही नकलेची नक्कल झाली नसती, तर ते शहर असे डोळ्यांपुढे उभे राहिले नसते.

सर्वाधिक नकला होतात त्या गेओर्ग ब्राउन व फ्रान्स होगेनबर्ग यांच्या कलोन येथील नगरसंग्रहातील पानांच्या. १५७२ ते १६१७ या काळात त्याचे सहा खंड निघाले. चित्राच्या पुढच्या भागात स्थानिक पोशाखातली माणसे उभी करण्याची त्यांची रीत होती, आणि रंगवणाऱ्याने ती शहरे बहुधा पाहिलेली नसल्याने वस्त्रांचे रंग त्याच्या कल्पनेवरच असत. पहिल्या खंडात दीव व मोरोक्कोतील दोन शहरांबरोबर एकाच पानावर गोवा आहे. लॅटिन मथळ्यात ते ख्रिस्ती सत्तेखाली १५०९ मध्ये आल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून १५१० मध्ये घेतले. चांगला नक्कलकार ही चूक दुरुस्त करत नाही, तशीच लिहितो. जुन्या गोव्याचे रस्ते व बाजार पाहायचे असतील, तर १५९६ चा डच प्रवासी लिन्सखोटेनचा नकाशा अधिक भरवशाचा. तो आर्चबिशपचा चिटणीस म्हणून काही वर्षे गोव्यात राहिला होता.

प्रतिकृतीच्या मागे मूळ नकाशाचे नाव, समोर ठेवलेली प्रत, रंगवणाऱ्याची सही आणि साल लिहिणे आवश्यक असते. ही नोंद नसलेला, जुन्यासारखा केलेला कागद दोन-तीन हात फिरला की अस्सल म्हणून विकला जाण्याचा धोका असतो.