५-एफयू आणि डीपीडी एन्झाइम (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो)

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो म्हटलं की फिरून फिरून एकाच औषधापाशी यावं लागतं, ते म्हणजे ५-फ्लुओरोयुरॅसिल, बोलताना नुसतं ५-एफयू. फॉलफॉक्स किंवा फॉलफिरी (ही अनेक औषधं एकत्र देण्याच्या केमोची नावं) घ्या किंवा कॅपेसिटाबीनच्या गोळ्या घ्या, मुळाशी हेच. आणि शरीरात गेल्यावर ते मोडून काढायचं काम मुख्यतः एकच एन्झाइम करतं, डीपीडी (पूर्ण नाव डायहायड्रोपायरिमिडिन डिहायड्रोजनेज). हे एन्झाइम ज्याच्या अंगात कमी असतं त्याला बाकीच्यांना सहज चालणारा डोससुद्धा जिवावर बेतू शकतो, म्हणून ही नोंद औषधाइतकीच या एन्झाइमचीही आहे.

औषध आलं १९५७ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार्ल्स हायडलबर्गर यांच्याकडून. उंदरांच्या लिव्हरमधल्या गाठी साध्या पेशींपेक्षा युरॅसिल (आरएनएचा एक घटक) जास्त ओढून घेतात हे तेव्हा दिसलं होतं, मग त्याच युरॅसिलमध्ये एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवलं तर गाठ ते आपणहून आत घेईल असा साधा पण जबरदस्त विचार त्यामागे होता. पेशीत गेल्यावर ५-एफयूचं रूप बदलतं आणि ते थायमिडिलेट सिंथेज या एन्झाइमला धरून बसतं, डीएनएला लागणारं थायमिन तयार होत नाही आणि वाढणारी पेशी अडकते. सोबत ल्युकोव्होरिन नावाचं जोडऔषध देतात ते ही पकड घट्ट व्हावी म्हणून.

आता खरी गोष्ट. दिलेल्या औषधातला ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीडी मोडून टाकतं, बहुतेक लिव्हरमध्येच, आणि हे इतकं पटकन होतं की रक्तातलं प्रमाण काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. म्हणून तर फॉलफॉक्समध्ये कमरेला छोटा पंप लावून ४६ तास औषध सोडत राहतात, पेशंट घरी जातो, झोपतो, उठतो, आणि पंप चालूच. साधा हिशोब करून बघा: १०० पैकी ८५ मोडले तर कामाला १५ उरतात, पण ७० च मोडले तर उरतात ३०, म्हणजे मोडण्यात थोडी कसर राहिली तरी अंगावर पडणारा डोस थेट दुप्पट. मग तोंड येतं, पाणी गिळणं मुश्किल होतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि त्यातच इन्फेक्शन शिरतं.

हे घराण्यातून येतं हे दाखवण्यात रॉबर्ट डायसियो यांच्या टीमचा वाटा मोठा, त्यांचा १९८८ चा पेपर केमोनंतर गंभीर त्रास झालेल्या पेशंटमधल्या आणि तिच्या घरच्यांमधल्या डीपीडीच्या कमतरतेवर होता. पण जगाला धडा मिळाला तो जपानमध्ये १९९३ साली. नागिणीवरचं सोरिव्ह्युडीन नावाचं औषध बाजारात आलं, ५-एफयूच्या जातीची केमो चालू असलेल्यांनाही ते दिलं गेलं आणि काही आठवड्यांत १५ जण दगावले. सोरिव्ह्युडीनपासून आतड्यातले जीवाणू जो पदार्थ बनवतात तो डीपीडीला कायमचं बंद पाडतो, म्हणजे या लोकांचे जीन्स ठीक असले तरी एन्झाइम मेलेलं होतं. गंमत म्हणजे ५-एफयूच्याच जातीच्या एस-१ या केमोच्या गोळीत गिमेरासिल नावाचा पदार्थ मुद्दाम डीपीडी दाबायला घातलेला असतो, फक्त डोस त्या हिशोबाने बेतलेला असतो.

टेस्टचे दोन मार्ग आहेत. एक, डीपीडी बनवणाऱ्या डीपीवायडी जीनमधले ठरावीक बदल शोधायचे. युरोपीय वंशाच्या लोकांत अर्धवट कमतरता साधारण ३ ते ८ टक्के सापडते, पण नेहमी तपासले जाणारे चार बदल मुख्यतः त्याच लोकांवरून निवडलेले आहेत, इतर वंशांत वेगळे बदल असतात, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं मला तरी पटत नाही. दुसरा मार्ग रक्तातलं युरॅसिल मोजायचा (तेही डीपीडीच मोडतं, म्हणून एन्झाइम कमी असलं की ते साचतं), फ्रान्समध्ये २०१८ पासून यावर भर आहे. यात सॅम्पल पटकन मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, ट्यूब टेबलावर पडून राहिली तर युरॅसिल आपोआप वाढतं आणि रिपोर्ट चुकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये केमोआधी टेस्ट करायची शिफारस केली. अर्धवट कमतरता असेल तर साधारणपणे निम्म्या डोसने सुरुवात करून मग सोसेल तसा वाढवतात, एन्झाइम अजिबातच नसेल तर ही औषधं टाळतात. हे सगळं पहिल्या डोसच्या आधी व्हायला हवं, कारण त्रास पहिल्याच सायकलमध्ये उसळतो.

कॅपेसिटाबीनची गोळी लिव्हर आणि ट्यूमरमध्ये तीन टप्प्यांत ५-एफयू होते, त्यामुळे डीपीडीचा धोका तिलाही तसाच, गोळी आहे म्हणून सौम्य समजू नये. शिवाय तळहात-तळपायांची आग होते, कातडी सोलते, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. फॉलफिरीतल्या इरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाचं एन्झाइम वेगळं, यूजीटी१ए१, त्याचीही टेस्ट होते.

उतारा आहे, युरिडीन ट्रायअॅसिटेट, अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेला, पण तो औषध संपल्यापासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. म्हणून पंप निघाल्यावर पहिल्या चार दिवसांत जोराचे जुलाब, तोंडात फोड, छातीत दुखणं किंवा गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच ऑन्कॉलॉजिस्टला फोन करायचा.