साक्ष देणं वेगळं, शिष्य घडवणं वेगळं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षाच्या शेवटी रिपोर्ट वाचला जातो आणि त्यात ठरलेली वाक्यं असतात, येशूबद्दलच्या एवढ्या पत्रिका वाटल्या, एवढ्या वस्त्यांवर जाऊन आलो, एवढ्या घरी प्रार्थना झाली. सगळं खरं असतं, लोक उन्हातान्हात फिरलेले असतात. पण रिपोर्टच्या वर हेडिंग असतं "शिष्यत्वाचे कार्य" आणि तिथं मला दरवेळी अडखळायला होतं, कारण हे सगळं सुवार्ता सांगण्याचं, साक्ष देण्याचं काम आहे, शिष्य करण्याचं काम अजून सुरूच झालेलं नाही.

माझं माहेर तासगावकडचं, घरची द्राक्षबाग, त्यामुळं मला हा फरक बागेतूनच नीट कळला. नवी बाग लावताना आधी डॉगरीज जातीचा खुंट, म्हणजे खालचं मुळांचं झाड, लावतात, तो रुजला, जोमात आला की पावसाळ्याच्या शेवटाला त्याच्यावर पाहिजे त्या जातीची काडी आणून कलम बांधतात. कलम बांधायला वेळ लागत नाही, माणूस येतो, पाचर बसवतो, पट्टी गुंडाळतो आणि पुढच्या झाडाकडं जातो. खरं काम तो गेल्यावर सुरू होतं. खुंटाला खालनं स्वतःची फूट येत राहते, ती सारखी काढावी लागते, नाहीतर सगळा जोर तिकडंच जातो आणि वरची काडी वाळून जाते. मग वेल सुतळीनं बांबूला बांधत बांधत वर मांडवावर न्यायचा, ओलांडे म्हणजे आडव्या फांद्या धरायच्या, एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी. एप्रिल छाटणीनंतर तर एक मणी दिसत नाही, नुसती काडी वाढत असते, पण पुढच्या हंगामाचा घड त्याच काडीच्या डोळ्यात तयार होत असतो आणि आबा आम्हाला तेच सांगायचे, आत्ता हयगय केली तर ऑक्टोबरला रडून उपयोग नाही.

बायबलात योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला वेल म्हणतो आणि फळ देणाऱ्या फाट्यालाही पिता साफसूफ करतो म्हणतो, ते वाचलं की मला आबाच दिसतात कात्री घेऊन.

आता साक्ष म्हणजे काय, तर माझ्याबाबतीत जे झालं ते सांगणं, बास. मार्कच्या पाचव्या अध्यायात भुतं निघालेला तो माणूस येशूबरोबर होडीत यायला बघतो आणि येशू त्याला म्हणतो घरी जा, तुझ्या माणसांना सांग. त्याचा कुठला क्लास झालेला नव्हता, शास्त्र येत नव्हतं, पण साक्ष द्यायला तो त्याच दिवशी लायक होता. शिष्य घडवणं मात्र पहिल्या दिवशी जमत नाही. मत्तय 28:19-20 आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण मूळ ग्रीकमध्ये तिथं मुख्य आज्ञा एकच आहे, शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्या एका आज्ञेला धरून आलेली कामं, आणि शिकवायचं ते पण नुसती वचनं पाठ करून घ्यायची असं नाही, पाळायला शिकवायचं. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात प्रिस्किल्ला आणि अक्विला, तंबू करून पोट भरणारी जोडी, अपुल्लोला बाजूला घेऊन देवाचा मार्ग नीट समजावून सांगतात. तो आधीच जोरात बोलणारा माणूस, लोकांसमोर त्याला खोडून काढलं नाही, जवळ घेतलं. मला शिष्यत्व असंच दिसतं, दोन-तीन माणसं आणि भरपूर वेळ.

2019 च्या पुरात आमच्या सांगलीतल्या गल्लीत पाणी शिरलं. ओसरल्यावर शेजारच्या वहिनींच्या घरातला गाळ काढायला मंडळीतल्या आम्ही चौघी गेलो, भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, वास. त्यांनी मधेच विचारलं, "तुमचं पण सगळं गेलंय की ओ, तरी सकाळी गाणी कशी म्हणता?" मी खराटा हातात धरूनच दोन वाक्यात सांगितलं. ती साक्ष झाली, तिथं संपली असती तरी चाललं असतं.

पण वहिनी पुढच्या गुरुवारी मेथी निवडायला आमच्याकडं आल्या, मग दर गुरुवारी येत गेल्या, आणि आम्ही मार्क वाचायला घेतला. अकराव्या अध्यायात प्रार्थनेला उभं राहताना कुणाविरुद्ध मनात काही असलं तर क्षमा करा असं आहे, तिथं गाडी अडली. त्यांचं जावेशी भिंतीवरनं वर्षानुवर्षांचं वाकडं. दोन महिने आम्ही पुढं वाचलंच नाही, आणि त्या दोन महिन्यांत मला कळलं की मी स्वतः नणंदेशी बोलत नाहीये, तर यांना काय सांगणार. आधी मी फोन केला. साक्ष देताना मला बदलावं लागलं नव्हतं, इथं लागलं.

पलीकडं साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचं पगारी काम सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येशूचे शिष्य एकत्र यावेत असं त्यांचं स्वप्न होतं. 1919 ला ते गेले, फार वेळ मिळाला नाही. बाप्तिस्मा असा बाजूला ठेवता येतो असं मला वाटत नाही, ती प्रभूची आज्ञा आहे. पण किती नावं रजिस्टरला चढली हे न विचारता कोण त्याच्या मागं चाललंय हे त्यांनी विचारलं, आणि ते मला अगदी पटतं.

वहिनींनी बाप्तिस्म्याचा विषय अजून काढलेला नाही, मी पण काढला नाही. जाऊबाईंकडं मात्र त्या दिवाळीला डबा घेऊन जाऊन आल्या. आता मार्क दुसऱ्यांदा चाललाय, गेल्या गुरुवारी पेत्र येशूला नाकारतो तिथवर आलो, कोंबडा आरवला आणि तो रडला एवढं वाचून त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आज इथंच राहू दे."