राष्ट्रीय हरितगृह वायू सूची : नोंदी आणि जतन

देशाच्या हद्दीत माणसाच्या व्यवहारांतून वर्षभरात किती हरितगृह वायू हवेत गेले आणि जंगल-जमिनीने किती शोषून घेतले, याचा अधिकृत हिशेब म्हणजे राष्ट्रीय हरितगृह वायू सूची. १९९२ च्या हवामान बदलविषयक संयुक्त राष्ट्र आराखडा करारानुसार सदस्य देशांना ती सादर करावी लागते. मूळ सूत्र साधे आहे : जाळलेला कोळसा, भाताखालचे क्षेत्र किंवा जनावरांची संख्या गुणिले त्या त्या बाबीचा उत्सर्जन गुणक, म्हणजे दर टन, हेक्टर किंवा जनावरामागे किती वायू निघतो तो आकडा. हे दोन्ही आकडे कुठून घेतले, ते दहा वर्षांनी दाखवता येणे मात्र कठीण असते.

भातशेतीवरून हे नीट कळते. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन निघतो असा अंदाज मांडला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, भौतिकशास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली, देशात ठिकठिकाणी खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. अंदाज सुमारे ४ दशलक्ष टनांवर आला. सतत पाणी तुंबलेल्या आणि मधूनमधून सुकणाऱ्या खाचराचे गुणक वेगवेगळे असतात. म्हणून मोजणीसोबत पाण्याची स्थितीही लिहून ठेवावी लागते. नुसती बेरीज जपली, तर पुढच्या माणसाला ती तपासता येत नाही आणि सुधारताही येत नाही.

तापन-गुणांकांचेही, म्हणजे एखादा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या किती पट तापवतो त्या आकड्यांचेही, तसेच. भारताच्या आधीच्या अहवालांत १ टन मिथेन म्हणजे २१ टन कार्बन डाय-ऑक्साइड असे धरले होते. पॅरिस करारानुसार आता २८ धरायचे आहेत. प्रत्येक वायूचे टन वेगळे ठेवलेले असतील, तर जुने आकडे नव्या गुणांकाने पुन्हा काढणे हे काही तासांचे काम आहे.

पॅरिस कराराचे नियम २०१८ मध्ये पोलंडमधील काटोविसे येथे ठरले. त्यांत तपशीलवार आकडे, गुणक, तपासणीचे कागद आणि नियोजित सुधारणा हे सारे जतन करण्यास सांगितले आहे. विकसनशील देशांची खरी अडचण नियमांपेक्षा माणसांची आहे. बराचसा पैसा जागतिक पर्यावरण निधीकडून अहवालागणिक येतो. अहवाल सादर झाला की गट पांगतो, तक्ते कुणाच्या तरी संगणकात राहतात, आणि पुढचा गट पुन्हा पहिल्यापासून आकडे मागत फिरतो. कायम नेमलेला एक छोटा कक्षही यावर मोठा उपाय ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय हे काम जुळवते. मोजदाद मात्र अनेक संस्थांत विभागलेली आहे. कचरा आणि सांडपाणी हा भाग नागपूरच्या ‘नीरी’कडे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) राहिला आहे. त्यामुळे प्रत्येक संस्थेचे मूळ तक्ते एका ठिकाणी, एकाच साच्यात येणे महत्त्वाचे ठरते. २०२४ च्या शेवटी सादर झालेल्या अहवालानुसार २०२० मध्ये देशाचे उत्सर्जन, जमीन व वनक्षेत्र वगळता, सुमारे २९५ कोटी ९० लाख टन कार्बन डाय-ऑक्साइडइतके होते.

उत्सर्जन तीव्रता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागचे उत्सर्जन, २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवण्याच्या भारताच्या उद्दिष्टाचे संदर्भवर्ष २००५ आहे. सुरुवातीच्या सूची मात्र १९९४, २०००, २००७ आणि २०१० या सुट्या वर्षांच्या होत्या. पॅरिस कराराच्या नव्या नियमांत क्षमता कमी म्हणून सवलत घेणाऱ्या विकसनशील देशांनाही संदर्भवर्षाचा आकडा आणि २०२० पासूनची सलग वार्षिक मालिका द्यावी लागते, तीही एकाच पद्धतीने मोजलेली. त्यासाठी २००५ मधल्या कोळशाच्या प्रतवारीपासून जनावरांच्या संख्येपर्यंतचे कागद आज हाताशी लागतात.