बिलावर ‘न्यायकक्षा नाशिक’, पैसे मात्र रॉटरडॅमला

द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाहून निघतो, रॉटरडॅमला उतरतो आणि दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो येतात: देठ तपकिरी, मणी गळालेले. खाली निरोप, ‘दर कमी करावा लागेल.’ पिंपळगाव-दिंडोरीकडच्या निर्यातदारांना हे नवं नाही.

अशा वेळी बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘नाशिक न्यायकक्षेच्या अधीन’ या ओळीवर भिस्त ठेवू नका. नाशिकच्या न्यायालयाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये थेट बजावता येत नाही, तिथे पुन्हा दावा लावावा लागतो. लवादाच्या, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या खासगी पंचाच्या, निवाड्याचं तसं नाही. 1958 च्या न्यूयॉर्क करारात भारत, नेदरलँड्स, अमिराती, बांगलादेश धरून 170 हून जास्त देश आहेत. त्यांच्यातल्या एका देशात झालेला निवाडा दुसऱ्या देशातलं न्यायालय मोजक्याच कारणांवरून नाकारू शकतं. समोरच्याला नोटीसच मिळाली नव्हती, हे त्यातलं एक. ‘निकाल चुकला’ एवढं म्हणून भागत नाही.

पण लवाद दोघांच्या संमतीनेच होतो, आणि पैसे अडवून बसलेला खरेदीदार नंतर कशाला सही करेल? लवादाचं कलम सौद्याच्या वेळीच करारात हवं. त्यात लवाद चालवणारी संस्था, पंचांची संख्या (छोट्या सौद्याला एकच पुरे), भाषा आणि लवादाचं कायदेशीर ठिकाण लिहा. या ठिकाणावरून बरेच घोळ होतात. सुनावणी व्हिडिओवर झाली तरी निवाडा रद्द करण्याचा अर्ज कुठल्या न्यायालयात जायचा, ते यावरून ठरतं. मुंबईत 2016 पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. परदेशी खरेदीदार बहुधा सिंगापूर मागतो, तेही चालतं. संस्थेचं नमुना कलम जसंच्या तसं घ्या, स्वतःची भाषा जोडू नका.

खर्चाचं स्पष्ट सांगतो: संस्थेची फी, लवादाचं मानधन, वकील. दोन-चार लाखांच्या वजावटीसाठी हे परवडत नाही, तिथे तडजोडच बरी. आणि निवाडा पुराव्यावरच होतो. कंटेनरमधल्या तापमान नोंदयंत्राचा आलेख, भरतानाचे पेट्यांचे फोटो, उतरवल्यावर तटस्थ सर्व्हेअरचा अहवाल, हे सगळं जपा. सर्व्हे किती तासांत व्हायचा, तेही करारातच ठरवून टाका.

आम्ही वकील नाही, निर्यातीची कागदपत्रं तयार करतो. कलम तपासून घ्यायला वकिलांकडे आम्हीच पाठवू. पहिला कंटेनर भरण्याआधी कराराची प्रत घेऊन या. सौदा नुसत्या ईमेलवर झाला असेल, तर ते ईमेल छापून आणा.